बरणीतला न वाढणारा मासा

उद्या सगळे आमच्याकडे जेवायला येताय ना, तर एक अट आत्ताच ऐकून ठेवा. दादासमोर मासे हा विषय काढायचा नाही. ताटात आला तर गुपचूप खायचा, पण ‘काय दादा, सध्या गळाला काय लागतंय’ असलं काही कुणी विचारायचं नाही. आणि विशेषतः तू! तुझ्या जिभेला हाड नाही, म्हणून तुला दोनदा सांगते. हसू नकोस ना. आधी ऐक, मग हस, हसू आलं तर.

कसंय, दादा मासे पकडायचा एवढं तुम्हाला माहितीय, पण कसले ते माहिती नाही. लोक मासा पकडतात आणि दोन्ही हात फाकवून सांगतात, ‘एवढा होता!’ दादा दोन बोटं जवळ आणायचा. इतकी जवळ की मधून कागद जायचा नाही. करंगळीच्या नखाएवढा मासा! त्याहून मोठा लागला तर वैतागायचा, ‘हट्, हा कुठला रेडा आला’ म्हणून सोडून द्यायचा.

दादा मोज्यांच्या कारखान्यात मेकॅनिक. मोजे विणायच्या मशीनला बारीक बारीक सुया असतात, गोल ओळीनं, आणि प्रत्येकीच्या टोकाला इवलासा आकडा. सुई मोडली की फेकून देतात. दादा त्या मोडक्या सुया घरी आणायचा, खिडकीत कानस घेऊन बसायचा आणि तो आकडा घासून घासून त्याचा इतका बारीक गळ करायचा की आम्हाला दिसायचाच नाही. खाली पडला की मी आणि वहिनी फरशीवर रांगत शोधायचो, आणि दादा उभ्या उभ्या म्हणायचा, “तो काय, तिथं फटीत.” खिशातून चिमटा काढून उचलायचा. कारखान्यात त्याचं नावच चिमटा. दोरा म्हणजे उसवलेल्या मोज्यातला नायलॉनचा एकच तंतू. पाण्यावर तरंगणारं बूच म्हणजे पिसाच्या दांडीचा तुकडा. आमिष म्हणजे ओल्या पावाचा कण, तोसुद्धा सुईच्या टोकानं लावायचा.

कारखान्यामागे बॉयलरचं गरम पाणी निवत निवत एका सिमेंटच्या चरातून तलावाकडे जातं. चर गुडघ्याएवढा, पाणी कोमट आणि लख्ख, तळाला शेवाळ. पुढे तलावावर मोठे मासे धरणारी काकामंडळी बसलेली असतात, खुर्च्या, टोप्या, थर्मास, सगळा थाट. दादा त्यांच्याकडे पाठ करून चरापाशी उकिडवा. ते तिकडून ओरडायचे, “काय रे चिमट्या, आज जेवायला काय, उवा का लिखा?”

दादा मान न वळवता म्हणायचा, “तुम्ही ओढा, काका. तुम्हाला मासा वर आल्यावर दिसतो, मला आधी दिसतो.”

आणि खरं होतं ते! मी जायचे ना रविवारी त्याच्याबरोबर. आधी घरी बसून काय करायचं म्हणून, मग चटकच लागली. मोठ्या माशाच्या नादात माणूस पाण्याकडे बघतच नाही, नुसती वाट बघतो. इथं सगळं डोळ्यांसमोर. मासा येतो, कणापाशी थबकतो, तोंडात घेतो, थुंकतो, परत घेतो, तेवढ्यात दुसरा येऊन त्याला ढुशी देतो, मग दोघांची बाचाबाची, आणि तिसरा कण पळवतो! पिसाचा तुकडा बुडत नाही. तो नुसता विचार करतो. हा दादाचा शब्द. “बघ, विचार करतोय,” असं कुजबुजायचा. नेमक्या त्या क्षणी हात नाही, मनगट नाही, फक्त बोट उचलायचं. मग मासा बॉबिनच्या पारदर्शक डबीत चमचाभर पाण्यात सोडायचा आणि डबी उजेडाला धरायची. अगं, आरपार दिसतं! मणका दिसतो केसासारखा. कल्ल्यामागे एक लाल ठिपका धडधडत असतो, ते त्याचं काळीज. आख्खा जीव, काहीही कमी नाही, आणि बोटाच्या पेरावर मावतो. बघून झालं की जिथून उचलला तिथंच सोडायचा. बास. एवढंच. पण परत येताना असं वाटायचं, की आज कुणाशीही भांडण होऊ शकत नाही.

पण दादाचा एक कायदा होता. “मोठ्याचं पोर पकडायचं नाही,” म्हणायचा. “पोर पकडण्यात काय मर्दुमकी? पूर्ण वाढलेला, पोराबाळांचा, संसारी, आणि तरी एवढाच. तो खरा छोटा.” आणि कसं ओळखायचं? पोटात अंडी दिसली की समजायचं. अंडी म्हणजे पक्की सही.

आता वहिनी. वहिनी हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्रीवर आहे, दुपारी सुटते. दादाच्या माशांची तिला काडीची किंमत नव्हती. “तळायचे का चिमटीत धरून तपकिरीसारखे ओढायचे?” असं विचारायची. दर रविवारी दादा दारात गळाची काडी घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “चल ना. एकदा बघ तरी.”

“तुम्ही बघायचे मासे आणा,” वहिनी म्हणायची, “मी खायचे आणते.” आणि पिशवी घेऊन बाजारात.

आणायची चिलापी. तीच हो, ढिगानं विकतात ती. तिच्या पाठीवर काट्यांचा पंखा असतो, साफ करताना हात फाडतो. वहिनीचा उजवा अंगठा कायम फाटलेला. आणि दादा? दादाला मासा भेटायचा तो ताटात, तुकडे होऊन, तळून, कुरकुरीत. आख्खी चिलापी त्यानं जन्मात हातात धरली नव्हती. छोट्या माशांचा एवढा नाद, पण मोठ्यांकडे त्याची कायम पाठ. तलावाकडे पाठ, ओट्याकडेही पाठ.

मग कारखान्यात नवीन मशीन आली. तिच्या सुया मोडतच नाहीत, आणि काही झालंच तर कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. दादाला उचलून पॅकिंगमध्ये बसवला. मोज्यांच्या जोड्या लावायला! एवढ्या वर्षांचा मेकॅनिक. घरी येऊन म्हणाला, “आता मी लग्नं जुळवतो. डाव्याचं उजव्याशी.” आम्ही हसलो, तोही हसला. मग खिडकीत कानस घेऊन बसला आणि घासायला लागला. मी पाणी द्यायला गेले तर कानशीखाली सुईच नव्हती. नुसताच घासत होता.

आणि त्याच दिवसांत तो मासा लागला.

नखाएवढा, चंदेरी, आणि पाठीवरच्या पंखावर एक काळा ठिपका, शाईच्या पेनानं ठेवल्यासारखा. दादानं डबी उजेडाला धरली, फिरवून फिरवून बघितली. मग म्हणाला, “शेंडेफळ, हा मी कधी पाहिलेला नाही.” मी शेंडेफळ. मी म्हटलं, “मग?” तर म्हणाला, “मग कुणीच पाहिलेला नाही.”

आता हसा! हसा, आम्हीही हसलो. पण तो खरंच मोबाइलमधला फोटो घेऊन शहराच्या मत्स्यालयात गेला. तिथल्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी पळवून लावलं नाही. त्या म्हणाल्या, “या फोटोत एक ठिपका आणि बाकी धुकं आहे. मोठ्या माशाचं पिल्लू असेल. अंडीवाली मादी मिळते का बघा. नाही मिळाली तर एक घरी पाळा. थंडी संपेपर्यंत वाढला नाही, तर घेऊन या. खरंच नवीन निघाला तर नाव तुम्हीच सुचवा.”

अंडीवाली काही मिळेना. मग एक मासा आला स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या बरणीत. बरणीला बाहेरून दादानं मोजे मोजायच्या पट्टीचा तुकडा चिकटवला. मासा पट्टीसमोर आला की कळायचं, वाढला की नाही. आणि जेवताना, असं सहज, भाजी वाढ म्हणावं तसं म्हणाला, “नाव ठरलंय. हिचं देणार.”

वहिनीचा हात हवेतच राहिला. “माझं? त्या पाण्यातल्या मुंगीला?”

“हो.”

“आई गं! लोक बायकोच्या नावानं घर बांधतात, दुकान काढतात. माझ्या नशिबी ही मुंगी!” असं म्हणून उठली आणि ओट्याशी जाऊन आम्हाला पाठ करून उगाच भांडी हलवत बसली. मी बघितलं ना, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीपासून बरणीची काच ती स्वतः पुसायला लागली.

त्या दिवसांत दादा कसा झाला होता काय सांगू! कामावरून आला की चपलासुद्धा न काढता आधी बरणीपाशी. खाली वाकून पट्टी बघायचा, “तेवढाच!” असं ओरडायचा, मग चपला. रोज तेवढाच. थंडी वाढत गेली, मासा तेवढाच. सुपरवायझरला सांगून झालं, पॅकिंगमधल्या पोरांना सांगून झालं, तलावावरच्या काकांनाही सांगून आला, की तुमच्या पाठीमागं जगातला नवीन मासा निघालाय, आणि तुम्ही बसा ओढत.

फक्त एकदा बरणीपाशी जरा जास्तच वेळ थांबला. “आज हा वेगळाच पोहतोय.”

“रोज तुमचं तोंड बघून कंटाळला असेल,” वहिनी आतून म्हणाली.

तो बघत राहिला. दिवसभर मोज्यांच्या रंगातला फरक ओळखणारा माणूस! मग जेवायला बसला.

मी चष्म्याच्या दुकानात असते ना, एक दिवस आमच्याकडे वीज गेली म्हणून दुपारीच सोडलं. म्हटलं, घरी जाऊन काय करू, चरावर जाते. तर बॉयलरच्या भिंतीआड कुणीतरी उकिडवं बसलेलं, दादाची जुनी काडी हातात. जवळ जाते तर विटकरी स्वेटर. वहिनी! एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक बाहेर, शेजारी बॉबिनची डबी.

“वहिनी?”

ती दचकलीसुद्धा नाही. “श्श,” म्हणाली. “विचार करतोय.”

आणि बोट उचललं. नुसतं बोट. अगदी दादासारखं. नखाएवढा चंदेरी मासा डबीत पडला, पाठीवर काळा ठिपका. तिनं डबी उजेडाला धरली, आणि तिचा चेहरा, खरं सांगते, शाळेतल्या पोरीसारखा झाला होता. मग तिला आठवलं की मी उभी आहे.

“हे काय चाललंय?”

“हा आज बरणीत जाणार. कालपर्यंत होता तो तलावात गेला.”

“म्हणजे तो वाढला?”

“वाढला? अगं, पिठासारखा फुगला! एक दिवस पाणी बदलायला बरणीत हात घातला, तर त्यानं पाठीवरचा पंखा उभा केला आणि माझ्या अंगठ्यात घुसवला.” तिनं तो फाटका अंगठा माझ्या नाकासमोर धरला. “तुम्हाला ठिपके बिपके कळतात, मला तो काटा कळतो. चिलापी आहे ती, नणंदबाई! तुझा दादा चिलापीला माझं नाव देतोय.” आणि हसायला लागली. फार वेळ हसली, काडी धरून.

“मग सांग ना त्याला.”

“तू सांग.” हसणं थांबलं. “त्या पॅकिंगच्या बाकावरून उठून येतो माणूस आणि आधी कुठं जातो, बघितलंस ना? जा, तू सांग.”

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले.

“पण थंडी संपल्यावर?” मी विचारलं.

“त्याच्या आत मांजर खाईल.”

“आपल्याकडे कुठंय मांजर?”

“येईल,” वहिनी म्हणाली आणि परत काडी उचलली. मासा मिळाला होता की, डबीत होता! तरी परत काडी उचलली. “आता हा बघ, शेवाळापाशी एक आहे, तो लबाड आहे. तो कण घेतो आणि आकडा ठेवतो. त्याला मी चार दिवस झाले धरतेय.”

मांजर काही आलं नाही. रोज म्हणायची, उद्या. उद्या बरणी फुटेल, उद्या खिडकी उघडी राहील. आणि रोज दादा ‘तेवढाच!’ म्हणून ओरडायचा आणि ती ओट्याशी उभी राहून हसायची. मला तर वाटतं, नंतर नंतर ती फक्त त्याच्यासाठी नव्हती जात. चादरींच्या वाफेतून सुटून ती रोज दुपारी तिथं बसायची, पाण्याकडे बघत, आणि कुणी तिला काही मागत नव्हतं.

थंडी संपली. दादानं रजा घेतली, दाढी केली, ठेवणीतला शर्ट घातला. आम्ही तिघं बसनं निघालो. वहिनी माझ्या कानात म्हणाली, “बसमध्ये सांडते.” पण दादानं बरणी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळलेली. वहिनी म्हणाली, “द्या इकडे, हात दुखतील.” तर म्हणाला, “नको, तू हिसके देतेस.” खड्डा आला की बरणीसकट उठायचा, म्हणजे पाण्याला धक्का नको.

मॅडमनी बरणीत बघितलं. एवढंसं, फोन वाजला तर कुणाचा ते बघावं तेवढंच.

“चिलापी आहे,” त्या म्हणाल्या. “पिल्लू आहे, अगदी लहान.”

दादा हसला. त्याला हे माहीतच होतं, की आधी असं म्हणणार. “नाही मॅडम. पूर्ण थंडी माझ्या घरी आहे. ही बघा पट्टी. दोराभरसुद्धा वाढलेला नाही.”

“या इकडे,” मॅडम म्हणाल्या आणि त्याला एका टाकीपाशी घेऊन गेल्या. त्यांना काही त्याचा पाणउतारा करायचा नव्हता हो, समजावून सांगत होत्या बिचाऱ्या. टाकीत चिलापी होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. नखाएवढ्यांच्या पाठीवर तो ठिपका, शाईचा. बोटाएवढ्यांचा पुसट झालेला. तळहाताएवढ्यांचा गेलेलाच, आणि त्याजागी तो पंखा, उभा, काट्याकाट्यांचा. दादा बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. तो एकदा लहानाकडे बघायचा, एकदा मोठ्याकडे, परत लहानाकडे, जोडी लावावी तसा.

“पण वाढला नाही ना, मॅडम,” तो म्हणाला. आवाज अगदी हळू. “मी रोज बघितलंय. मी खोटं कशाला बोलू?”

“खोटं नाही म्हणत मी. पण मग दोनच शक्यता. एक तर चमत्कार. नाहीतर घरात कुणीतरी बदलतंय.” आणि त्या हसल्या. चेष्टेत म्हणाल्या होत्या.

दादाही हसला. “आमच्याकडे कोण बदलणार! हिला तर विचारा, इतकी वर्षं चल म्हणतोय, ही कधी—” असं म्हणत वहिनीकडे वळला. आणि थांबला.

तो तिच्या हाताकडे बघत होता. विटकरी स्वेटरच्या बाहीकडे. मी बघितलं, मॅडमनी बघितलं, आम्हाला नुसती लोकर दिसली. वहिनीनंसुद्धा बघितलं, तिलाही काही दिसलं नाही.

दादानं बरणी खाली ठेवली, खिशातून चिमटा काढला, वहिनीचं मनगट धरलं, एकदम हळुवार, आणि लोकरीच्या टाक्यातून काहीतरी उपटलं. तळहातावर ठेवलं. तेव्हा मला चमकताना दिसलं. आकडा. मोज्याच्या सुईचा, कानशीनं घासलेला. विणायच्या सुईचाच तो, लोकरीत अडकला नाही तरच नवल.

“काय आहे?” मॅडमनी वाकून विचारलं. “मला काही दिसत नाहीये.”

“काही नाही,” दादा म्हणाला. “माझाच आहे.”

मॅडमनी बरणी उचलून त्याच्याकडे दिली, तर म्हणाला, “ठेवून घ्या. कुठल्यातरी मोठ्याला घाला खायला.”

घरी आलो. दादा खिडकीपाशी बसला, बरणी नव्हती तिथं, बरणीच्या बुडाचा गोल डाग होता. वहिनीनं चहा ठेवला, दिला, तिथंच उभी राहिली. मला वाटलं, आता फुटणार. ओरडेल, काहीतरी फेकेल. त्यानं विचारलं काय, तर, “आमिष काय लावायचीस?”

“पावच,” वहिनी म्हणाली. “पण ओला नाही. ओला सुटतो. मी थुंकी लावून चुरडायचे, मग चिकटून राहतो.”

“हां,” दादा म्हणाला. “हे मला सुचलं नव्हतं. आणि शेवाळापाशी एक लबाड आहे, तो?”

“तो मिळाला!” वहिनी एकदम बसली त्याच्यासमोर. “अहो, त्याला पुढून नाही द्यायचं, मागून द्यायचं. कण त्याच्या शेपटीपाशी सोडायचा. तो वळतो ना, वळताना त्याला विचार करायला वेळच मिळत नाही, आणि मग—” आणि बोट उचललं तिनं, हवेत. चेहरा तसाच झाला होता, चरावरचा. मला वाटलं, मिटलं. खरंच वाटलं मला.

दादा त्या बोटाकडे बघत होता.

“इतकी वर्षं चल म्हणत होतो,” तो म्हणाला. “एकदा बघ तरी, म्हणत होतो. आलीस ती मला फसवायला आलीस.”

“अहो, तुमच्यासाठीच ना—”

“माझ्यासाठी नव्हे. मजा आली तुला. दिसतंय.” आणि उठला. कानस, काड्या, आकड्यांची डबी, सगळं तिच्या पुढ्यात आणून ठेवलं. “घे. तुझंच आहे आता.”

तेव्हापासून चरावर गेला नाही. कारखान्यात बोलून बसला होता ना सगळ्यांना, त्यामुळे आता चिमटा नाही म्हणत त्याला. चिलापी म्हणतात. हाक आली की ओ देतो. घरी चिलापी केली की ताटात आख्खी मागतो, तुकडे नको म्हणतो. उलटीपालटी करतो, पाठीवरचा पंखा बोटानं उभा करून बघतो आणि मग खातो. आमच्यासमोर, रोजच्यासारखा, भात संपेपर्यंत.

आणि वहिनी जाते. नाही राहवत तिला. चोरून नाही आता, सांगून जाते, आणि तो ‘हं’ म्हणतो.

मागच्या रविवारी मी होते तिच्याबरोबर. चराच्या पार कडेला, पाइपाच्या खाली, जिथं दादा कधी बसला नाही कारण तिथून तलाव समोर दिसतो, तिथं तिला एक लागला. डबीत टाकला, उजेडाला धरला आणि तिनं माझा हात एवढ्या जोरात दाबला की नखं रुतली. चिलापी नव्हती. ठिपका नाही, अंगावर आडवी रेघ, तांब्याच्या तारेसारखी. नखापेक्षाही लहान. आणि पोटात दाणे! पिवळे, खसखशीएवढे, आरपार दिसणारे. अंडी होती. पूर्ण वाढलेली होती ती, संसारी, आणि एवढीशीच!

आम्ही पळालो. रस्ताभर वहिनी डबी छातीशी धरून पळत होती, ही बाई, जी बस चुकली तरी पळत नाही. दादा टीव्हीसमोर होता.

“अहो, बघा! अंडी आहेत! एवढीशी आहे आणि अंडी आहेत!”

दादा टीव्हीकडेच बघत राहिला. “चिलापी असेल.”

“नाही हो, ठिपका नाहीये, तांब्याची रेघ आहे. बघा ना. एकदा बघा तरी!”

दादानं आवाज वाढवला. टीव्हीचा. आणि मग म्हणाला, “अजून किती दिवस बदलणार आहेस?”

ती तशीच उभी राहिली, डबी पुढे धरून. मी म्हटलं, “दादा, मी होते तिथं, मी बघितलंय.” तर माझ्याकडे बघून म्हणाला, “तू तर तेव्हाही होतीस.” हे कसं कळलं त्याला, कोण जाणे.

चमचाभर पाणी, त्यात हाताची ऊब. मासा वर येऊन तोंड उघडत होता. मी म्हटलं, “वहिनी, चल, सोडून येऊ.” परत पळालो. पण चरापाशी डबी उघडली तर तो आडवा झाला होता. तरी वहिनीनं अलगद पाण्यात ठेवला, बोटानं ढकलला, दोनदा, तीनदा. नाही हलला. आणि शेवाळातून ती पिल्लं आली, ठिपकेवाली, चिलापीची. एकानं पोटाला ढुशी दिली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. आधी अंडीच खाल्ली.

वहिनी संपेपर्यंत बघत बसली. मग डबी विसळली, स्वेटरला पुसली.

“त्याला सांगू नकोस,” म्हणाली.

“काय?”

“की खरी होती. चिलापीवर निभावलंय त्यानं. खरी दारात आली आणि आपण बघितलीसुद्धा नाही, हे कळलं तर नाही निभावणार.”

तर बघा. उद्या वहिनी चिलापीच करणार आहे. दादानंच सांगितलंय, मित्रमंडळी येताहेत तर मोठी आण म्हणून. तो ताटात ती उलटीपालटी करून बघेल, पंखा उभा करेल. तेव्हा कुणी त्याच्याकडे बघू नका. खाली मान घालून जेवा.